पंचवीसच्या पुढचे एकवीस मायक्रॉन

भोसरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या मशीन शॉपमध्ये ड्रॉइंगवर बोअरपाशी ‘२५ एच७’ असं लिहिलेलं असतं. अर्थ असा, की भोकाचा व्यास २५.००० मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि २५.०२१ पेक्षा जास्त नको. ही असमानता संख्यारेषेवर काढली की दोन भरीव ठिपके आणि त्यांना जोडणारी जाड रेघ, एवढंच चित्र होतं. या चित्रात मला फार सौंदर्य दिसतं.

ठिपके भरीव आहेत, म्हणजे सीमेवरचा आकडाही आतलाच. बरोबर २५.०२१ भरलेला बोअर ओके. त्यापुढचा एक मायक्रॉनही नापास. मधल्या रेघेवरचे सगळे आकडे मात्र सारख्याच मानाचे. नेमका आकडा किती, हे असमानता विचारतच नाही. आत की बाहेर, एवढंच विचारते.

भोक तपासायचा प्लग गेजही तेवढंच विचारतो. त्याचं एक टोक ‘गो’, २५.००० चं, दुसरं ‘नो-गो’, २५.०२१ चं. पहिलं आत जायला हवं, दुसरं अडायला हवं. वाचायला काटा नाही, स्केल नाही. ते दोन ठिपकेच पोलादात घडवून कामगाराच्या हातात दिलेले.

कागदावर दोन्ही ठिपके जुळे दिसतात, शॉपमध्ये ते तसे नाहीत. गो गेलं नाही तर भोक लहान आहे. पुन्हा मशीनवर चढवा, रीवर्क होईल. नो-गो गेलं तर काढलेला धातू परत येत नाही, पीस स्क्रॅप. शाफ्टच्या बाबतीत नेमकं उलट. शिवाय बोअर कापणारा इन्सर्ट झिजत जातो तसं भोक लहान होत जातं, म्हणजे आकडे रेघेवर डावीकडे सरकतात. म्हणून जाणता ऑपरेटर सुरुवातीचा टूल ऑफसेट रेघेच्या मध्याच्या जरा उजवीकडे ठेवतो. रेघेच्या दोन टोकांची किंमत वेगळी आहे, हे त्याने हातात मुरवलेलं असतं.

आणखी एक गोष्ट रेघेत दिसत नाही. भोकाला व्यास एकच नसतो. वर, खाली, आडवा, तिरपा मोजावा तितके. म्हणजे एका भोकासाठी रेघेवर ठिपक्यांचा थवाच बसतो. १९०५ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम टेलरने यावरून नियम मांडला: गो टोकाने भोकाची पूर्ण लांबी एकदम तपासावी, कारण डावी अट सगळ्या व्यासांनी मिळून पाळायची आहे, नो-गोने एकेक व्यास सुटा तपासावा, कारण उजवी अट एकाने मोडली तरी ती मोडलीच. भोक लंबगोल असेल तर गोल नो-गो अरुंद व्यासावर अडतं आणि रुंद व्यास २५.०२१ च्या पलीकडे गेलेला असूनही पीस पास होतो. म्हणून काटेकोर इन्स्पेक्टर नो-गो अडलं तरी समाधान मानत नाही. दोन बिंदूंत मोजणारा बोअर गेज घालून, तो फिरवत सगळ्यात रुंद जागा शोधतो.