आरडाओरड्यामागची भीती

गेलं वर्षभर मी आपल्या पोरांच्या कविता वाचतोय. पाळी सुटली की डब्याच्या पिशवीत कागद असतातच. कुणी गेटावर आणून देतो, कुणी विहारात. बहुतेक कवितांत सूर्य आहे, मशाल आहे, ज्वालामुखी आहे. कवी मात्र नाही. तो कुठल्या गल्लीत राहतो, त्याची आई कुणाच्या शेतात खुरपते, काल त्याला कोण काय बोललं, काहीच पत्ता लागत नाही. वाचून संपलं की कानात नुसता आवाज उरतो.

माझं म्हणणं काहींना झोंबेल, पण सांगतो. हा आवाज धैर्याचा नाही, भीतीचा आहे. अंधाऱ्या वाटेनं जाणारा माणूस मोठ्यानं गाणं म्हणतो ना, तसला.

हे मी वर बसून बोलत नाही. माझंच सांगतो. पहिल्यांदा एका कविसंमेलनात उभा राहिलो तेव्हा कागद हातात थडथड उडत होता. कवितेत 'पानी' होतं, 'व्हतं' होतं. खाली उतरल्यावर एक शिकलेले गृहस्थ प्रेमानं म्हणाले, अनुभव चांगला आहे, आधी भाषा शिका. झालं. दोन वर्षं मी आईची भाषा कवितेत येऊ दिली नाही. 'पानी'चं 'पाणी' केलं, 'पाणी'चं 'जल' केलं. कविता शुद्ध झाली अन् मेली. माझ्या एका दोस्तानं तर वहीच चुलीत घातली. तो माझ्यापेक्षा चांगलं लिहायचा.

ही भीती येते कुठनं? स्टेशनावर 'आत्मविश्वास वाढवा' छापाची पुस्तकं मिळतात. त्यात लिहिलेलं असतं, स्वतःवर विश्वास ठेवा, अपयशाला घाबरू नका. जणू भीती हा आपल्या स्वभावातला दोष आहे. अरे, वरच्या आळीतला पोरगा पडला तर पोरगा पडतो. आपला पडला तर जात पडते. 'ह्यांना जमायचंच नाही' हे वाक्य तयारच असतं. एवढं ओझं घेऊन जो लिहायला बसतो तो थरथरणारच. तेव्हा पहिली गोष्ट ही की भ्यालात म्हणून लाजू नका. ही भीती आपण जन्माला घातलेली नाही, आपल्यावर लादलेली आहे.

दुसरी चूक आपली स्वतःची. आपण बाबासाहेबांचा असा पुतळा केलाय की जो कधी हरलाच नाही. मग आपण एकदा हरलो की वाटतं, आपण त्यांचे नव्हेच. जरा इतिहास बघा. 1920 साली काढलेलं 'मूकनायक' 1923 साली बंद पडलं. 1927 साली ते 'बहिष्कृत भारत' घेऊन पुन्हा उभे राहिले. लंडनचा प्रबंध पहिल्या रूपात मान्य झाला नाही. सुधारून परत दिला तेव्हा 1923 साली डी.एस्सी. मिळाली. महाडला पाणी 1927 साली प्यालो, पण कोर्टातला निकाल लागायला 1937 उजाडलं. काळारामाचं दार 1930 पासून पाच वर्षं झगडूनही उघडलं नाही. तेव्हा त्यांनी दारच सोडलं आणि 1935 साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली. 1952 साली मुंबईत लोकसभेला पडले, 1954 साली भंडाऱ्यात पुन्हा पडले. आणि 1956 साली नागपुरात लाखो माणसं त्यांच्या मागं उभी राहिली. हरण्याचा उपयोग कसा करायचा हे ज्याला कळलं त्याचं हे चरित्र आहे. आपण त्यातली हारच खोडून टाकतो, मग शिकायचं काय?

आता साहित्याकडं येतो. 'गोलपिठा' 1972 साली आला. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या मुरलेल्या लेखकालाही त्यातले कितीतरी शब्द अनोळखी होते. नामदेव ढसाळांनी ते कुणाला विचारून वापरले नव्हते. त्यांच्या रस्त्यावरचे होते ते. आपण काय केलं? त्यांच्या शिव्या उचलल्या, रस्ता तिथंच ठेवला. आपल्या गल्लीचे शब्द लिहायला आजही आपल्याला लाज वाटते. उसनी शिवी ही उसन्या संस्कृत शब्दाएवढीच भित्री असते.

फलटणच्या बेबीताई कांबळे बघा. लहानसं दुकान चालवायच्या, घरच्यांपासून चोरून लिहायच्या. लिहिलेले कागद वीसेक वर्षं घरात दडवून ठेवले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपानं 1986 साली आलं. त्यात सवर्णांनी केलेला छळ आहे. आणि आपल्याच घरात सुनांचे काय हाल व्हायचे, तेही आहे. शत्रूबद्दल लिहायला छाती लागते, घराबद्दल लिहायला तिच्याहून मोठी लागते. बेबीताई भ्यायल्या नसतील असं नाही. भीत भीतच लिहिलं, पण खोटं लिहिलं नाही. आत्मविश्वास आत्मविश्वास म्हणतात तो मला एवढाच दिसतो.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडं आहे. लिहिणाऱ्यांनी कविता आधी वस्तीत वाचावी, भांडी घासून आलेल्या बायांपुढं. त्यांना कळलं नाही तर चूक बायांची नाही. पडलेली कविता फाडू नये, खाली तारीख घालून ठेवावी. अन् ऐकणाऱ्यांनी फुकटच्या टाळ्या बंद कराव्यात. 'आपलाच पोरगा आहे' म्हणून दिलेली शाबासकी हीसुद्धा भीतीच आहे. ही ओळ खोटी आहे असं तोंडावर सांगा, आणि ही खरी आहे तेही सांगा. बाहेरच्या समीक्षकानं पाडण्याआधी आपणच एकमेकांना उभं करायला शिकू.

मी सूतगिरणीत रिंग खात्याला आहे. एका पाळीत धागा किती वेळा तुटतो त्याची मोजदाद नाही. तुटला म्हणून कुणी कामगाराला नालायक म्हणत नाही. तुटलेलं टोक लोंबत सोडलं तर म्हणतात. बोटं चालवायची, टोक धरायचं, सांधायचं, पुढच्या बॉबिनकडं जायचं.

ज्यानं वही चुलीत घातली त्या माझ्या दोस्तानं हे वाचलं तर एवढंच सांगतो : नवी वही मी आणून ठेवलीय. ये.

जयभीम.