इंद्रियसंवर : डोळे मिटावेत की नीट पाहावे?



मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एका श्रोत्याने विचारले होते, 'इंद्रिये शुद्ध ठेवली की पापकर्म लागत नाही, बौद्धांचे म्हणणे एवढेच ना?' वेळ संपत आली होती. 'साधारण तसेच' असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. ते उत्तर चुकीचे होते, म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

पहिली अडचण शब्दातच आहे. 'इंद्रिये शुद्ध करा' म्हटले की डोळा, कान हेच मळलेले आहेत असे आपण धरून चालतो. पाली ग्रंथांत शुद्धी हा शब्द येतो, नाही असे नाही. बुद्धघोषाच्या ग्रंथाचे नावच 'विसुद्धिमग्ग' आहे. पण तिथे इंद्रियसंवराच्या संदर्भात शुद्धी आहे ती शीलाची, डोळ्याची नव्हे. इंद्रियांसाठी दोन वेगळे शब्द आहेत. एक 'संवर', म्हणजे राखण. दुसरा 'भावना', म्हणजे मशागत, वाढ. दाराशी राखणदार बसवणे वेगळे आणि दार भिंत घालून बुजवणे वेगळे.

मज्झिम निकायातले शेवटचे, १५२वे सुत्त इंद्रियभावनेवरच आहे. पारासरिय नावाच्या ब्राह्मणाचा शिष्य उत्तर हा बुद्धांकडे येतो. बुद्ध विचारतात, तुझे गुरू इंद्रियभावना कशी शिकवतात? तो सांगतो, डोळ्याने रूप पाहायचे नाही, कानाने शब्द ऐकायचा नाही. बुद्ध म्हणतात, मग आंधळा आणि बहिरा यांचीच इंद्रिये सर्वांत विकसित म्हणायची! उत्तर खांदे पाडून, मान खाली घालून गप्प बसतो.

आता गंमत बघा. आम्ही वर्गात पंचवीस वर्षे जे शिकवले ते या उत्तराच्या गुरूचेच होते. गीतेतले कासव फळ्यावर काढायचे, शेजारी संयुत्त निकायातले कासव काढायचे. तेही कोल्हा दिसताच अवयव आत घेते. आणि सांगायचे, बघा, दोन्हीकडे एकच शिकवण. कासवाचा दृष्टान्त खोटा नाही. कोल्हा समोर असताना तेच शहाणपण. पण कासव जन्मभर कवचातच बसले तर ते चालणार कधी आणि खाणार काय?

मग भावना म्हणजे काय? सुत्त सांगते, की इंद्रियभावना साधलेल्या माणसालाही रूप पाहून आवडते, नावडते. आवडनिवड उठतच नाही असे कुठेही म्हटलेले नाही. ती उठली आहे, कारणांनी उठली आहे, हे तो ओळखतो आणि ती निवते. दिवसभर तापलेल्या लोखंडी भांड्यावर दोन-तीन थेंब पडले, तर पडायला वेळ लागेल, आटायला लागणार नाही. मनात उठलेल्या गोष्टीसाठी हा दृष्टान्त दिला आहे.

कर्म कुठे घडते, हा प्रश्न इथे येतो. बुद्धांच्या विचारात कर्म म्हणजे मुळात चेतना, हेतू. धम्मपदाच्या अट्ठकथेत आंधळ्या चक्खुपाल थेरांची गोष्ट आहे. पाऊस पडून गेल्यावर ते चंक्रमण करतात आणि पायाखाली किडे मरतात. भिक्षू तक्रार करतात. बुद्ध विचारतात, तुम्ही त्यांना मारताना पाहिलेत का? नाही ना? तसेच त्यांनीही किडे पाहिले नाहीत. हेतू नाही, म्हणून ते पाप नाही. आणि त्यांचे अंधत्व कशामुळे? मागच्या एका जन्मी ते वैद्य होते आणि फसवणाऱ्या रुग्ण बाईला त्यांनी जाणूनबुजून डोळे जाणारे औषध दिले होते. म्हणजे डोळस असताना कर्म घडले आणि डोळे नसताना घडले नाही.

यावरून 'हेतू नव्हता' ही पळवाट कोणी काढू नये. पावसाळ्यात भिक्षू हिंडताना हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा वर्षावासाचा नियम झाला. ज्याला दिसते त्याने बघून चालायचे.

आता विसुद्धिमग्गाकडे येऊ. आपल्या गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केलेली त्याची देवनागरी प्रत १९४० साली मुंबईत निघाली. त्यात बुद्धघोष फार बारकाईने म्हणतो, की प्रत्यक्ष डोळ्यात संवरही नसतो आणि असंवरही नसतो. पाहणे झाल्यावर मन ज्या क्षणी विषयाकडे धाव घेते, त्या 'जवन' क्षणी दोन्ही घडतात. हे विवेचन आम्हाला निर्दोष वाटते. पण त्याच्या थोडे आधीच तो उदाहरण देतो ते महातिस्स थेरांचे. नवऱ्याशी भांडून, नटूनथटून माहेरी निघालेली एक बाई त्यांना वाटेत भेटते आणि मोठ्याने हसते. थेर वर पाहतात. त्यांना तिचे दात दिसतात, दातांत हाडे दिसतात आणि तिथेच ते अर्हत होतात. मागून नवरा येतो, बाई पाहिलीत का विचारतो. थेर म्हणतात, बाई की पुरुष ठाऊक नाही, हाडांचा सापळा गेला.

थेरांच्या साधनेबद्दल आम्हाला शंका नाही. शंका आहे ती आदर्श उदाहरण म्हणून या गोष्टीच्या निवडीबद्दल. पहाटे एकटी घर सोडून निघालेली बाई का हसली, तिचे काय बिनसले होते, हे गोष्टीला विचारावेसे वाटत नाही. १५२वे सुत्त तर दोन्ही दिशा सांगते : आकर्षक वस्तूत किळसवाणे पाहता यावे आणि किळसवाण्यात किळस नसलेले पाहता यावे. परंपरेनेच या दुसऱ्या दिशेचा एक उपाय सांगितला, मैत्री. महातिस्सांच्या गोष्टीत पहिली दिशा आहे, दुसरी नाही.

दुसरीचे उदाहरण विनयातल्या महावग्गात सापडते. अतिसार झालेला एक भिक्षू स्वतःच्या घाणीत पडलेला आहे, कोणी जवळ जात नाही. बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याला धुतो. मग एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून उचलून ते त्याला मंचकावर निजवतात. इंद्रियभावनेचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही, पण आम्ही ते वर्गात कधी दिले नाही.

का दिले नाही, तेही सांगतो. आमची आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. सगळे बहीण करायची. आम्ही चौकटीत उभे राहून विचारपूस करायचो, कारण खोलीतला वास सोसत नव्हता. वर मनाची समजूत अशी, की देह अशुचीच आहे, ज्ञानी माणसाने त्यात गुंतू नये. तो संवर नव्हता. ती किळस होती आणि तिला आम्ही पालीतले नाव दिले होते. पाहायचे नाही, जवळ जायचे नाही हा हेतूही हेतूच. त्याचेही कर्म होते.

तेव्हा त्या श्रोत्याला आमचे दुरुस्त उत्तर असे : पापकर्म टाळायला इंद्रिये बंद करून भागत नाही. दिसल्यावर मन कुठे धावते तिकडे लक्ष ठेवावे लागते. हावेने वस्तूकडे धावते तसेच ते किळसेने माणसापासून पळतेही, आणि राखण दोन्ही वेळी हवी.

मग उपेक्षा आणि बेफिकिरी यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न उरतो. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ. इथे थांबतो.