गप्प बसण्याचं बटण

संगीतातलं मला कळतं, असं एक मत आमच्या घरात आहे. ते माझं आहे. तेव्हा पुढील मजकूर समीक्षा समजूनच वाचावा.

चिरंजीवांनी पहिल्या पगारातून इलेक्ट्रिक गिटार आणली आणि आठवड्याभरात जाहीर केलं, "बाबा, हिला आवाज बंद करायचं बटण बसवायचंय." सौभाग्यवतीनं देवापुढे साखर ठेवली. माणिकपुरातल्या आमच्या इमारतीत बातमी पसरली, तेव्हा खालच्या मजल्यावरचे गृहस्थ निम्मा खर्च द्यायला तयार झाले.

पण हे बटण म्हणजे नुसती हुलकावणी! दाबलं की आवाज बंद, सोडलं की पुन्हा सुरू. सूर लांबत असताना ते टकटक दाबायचं आणि सुराची कोशिंबीर करायची. अमेरिकेतला टॉम मोरेलो हे काम वेगळ्या बटणाशिवाय करतो. गिटारच्या दोन पिकअपपैकी एकाचा आवाज शून्यावर ठेवायचा आणि निवडीचा खटका भराभर खालीवर करायचा. बकेटहेड नावाचा दुसरा वादक डोक्यावर तळलेल्या कोंबडीची बादली घालतो; त्याच्या गिटारवर तर खास लाल बटणं आहेत. बादलीचा हट्ट चिरंजीवांनी धरला नाही, हे आमचं पूर्वसंचित.

पहिलं बटण त्यांनी दारावरच्या घंटीचं बसवलं. दिसायला भक्कम, वर '6 अँपिअर' लिहिलेलं. गणपतीतल्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला ते दाबलं गेलं आणि वर येईचना. चिरंजीव डोळे मिटून तल्लीन, बोटं पळताहेत, आणि आवाज नाही! गाणं संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री पोरगं जेवलं नाही. "बाबा, गिटार विकून टाकतो," एवढंच म्हणालं. इतके दिवस मी त्याच गोष्टीची वाट पाहत होतो. ऐकलं मात्र, आणि मलाच घास गिळेना.

दुसऱ्या दिवशी वसई रोडहून लोकल पकडली, मुंबई सेंट्रलला उतरलो आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं, तरी सुटे भाग मात्र लॅमिंग्टन रोडवरच मिळतात! पहिल्या दुकानदारानं विचारलं, "कितने अँपिअर का?" घरगुती विजेच्या 230 व्होल्टच्या धक्क्यापुढे धातूवरचा गंजाचा पातळ थर टिकत नाही. गिटारचा सिग्नल बिचारा व्होल्टच्या अंशातला. तो त्या थरापुढे हात जोडून उभा राहतो. म्हणून इथे अँपिअर नव्हेत, स्वच्छ टोकं हवीत, सोन्याचा मुलामा असला तर उत्तमच. हे ज्ञान मला तिसऱ्या दुकानात झालं. चौथ्यात कळलं की बटण तार तोडत नाही. दाबल्यावर ते सिग्नलची तार अर्थला जोडतं. नुसती तार तोडली तर आवाज जातो, पण स्पीकर गुरगुरत बसतो. पाचव्यानं दाबलं की अडकून बसणारं बटण दिलं. तसलं एक आमच्याकडे होतंच!

शेवटी व्हिडिओ गेमच्या यंत्रावरचं बटण मिळालं. पोरांच्या गुद्द्यांसाठीच जन्माला आलेलं, आत छोटा मायक्रोस्विच, आणि तो बिघडला तर तेवढाच बदलता येतो. मी उभ्या उभ्या शंभर वेळा दाबून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "अंकल, लेना है या खेलना है?" 30 मिलिमीटरचं सोडून 24 चं घेतलं. गिटारच्या पोटाची खोली मी घरूनच झाडूच्या काडीनं मोजून नेली होती. भोक लाकडाला न पाडता वरच्या प्लास्टिकच्या पट्टीलाच पाडलं. चुकलं तर पट्टी बदलता येते, लाकूड नाही.

आता समीक्षा. आमच्या तबल्यात दमदार तिहाई असते. तिच्यातला 'दम' म्हणजे विरामच. पण तबलजी तो मोजून घेतो. चिरंजीव एका गाण्यात तीस वेळा थांबतात. भाजीत मीठ हवं म्हणून मिठाची भाजी करू नये, हे मी त्यांना सांगितलं. उत्तर आलं नाही. परवा मात्र त्यांनी एकदाच बटण दाबलं, अगदी समेच्या आधी. क्षणभर सारं घर थांबलं. सूर परतला तेव्हा माझा हात आपोआप वर गेला होता.

खालचे गृहस्थ अजून निम्मे पैसे द्यायचे आहेत. सौभाग्यवती विचारते, हे बटण माणसाला बसवता येतं का? मी सांगायला सुरुवात केली, "त्याचं असं आहे, आधी पोटाची खोली..."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.