सभासद कोणाला म्हणायचे?

एखादी वस्तू कोणत्या पदार्थाची, किती मापाची आणि कोणाच्या वापराची असावी, हे विचारपूर्वक ठरवणे म्हणजे अभिकल्प, अर्थात डिझाइन. हे ठरवायला एकटे यंत्रशास्त्र पुरत नाही. शरीरशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र यांचीही मदत लागते. म्हणून अनेक विद्यापीठांनी आंतरविद्याशाखीय अभिकल्प-संशोधनाची जाळी उभारली आहेत. निरनिराळ्या विभागांतील अध्यापक व संशोधक विद्यार्थी त्यांचे सभासद होतात. कल्पना स्तुत्य आहे. मात्र सभासदत्वाचा जो अर्थ तेथे सहसा घेतला जातो, तो आम्हांला अपुरा वाटतो.

सभासद होताना नाव, विभाग आणि आवडीचा विषय सांगितला की काम भागते. विभागांची संख्या वाढली की जाळे ‘आंतरविद्याशाखीय’ झाले, असे समजले जाते. पण दहा विषयांचे जाणकार एका यादीत आले म्हणून त्यांचे ज्ञान एकमेकांत मिसळतेच असे नाही. मीठ आणि वाळू एका बरणीत भरली, तरी ते मिश्रणच राहते. संयुग होत नाही.

या विद्याशाखेचा इतिहासच याबाबत बोलका आहे. 1962 साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजमध्ये अभिकल्पाच्या पद्धतींवर एक परिषद भरली आणि 1966 साली ब्रिटनमध्ये ‘डिझाइन रिसर्च सोसायटी’ स्थापन झाली. याच दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर यांच्या गटाने रुग्णालयातील खाटेचा अभ्यास हाती घेतला. केनेथ ॲग्न्यू हे त्यातले प्रमुख अभिकल्पकार.

खाटेत संशोधन करण्यासारखे काय आहे? परिचारिकेला खाट उंच हवी असते, कारण वाकून उचलताना कमरेवर ताण येतो. 20 किलोग्रॅम भार कमरेपासून 25 सेंटिमीटरवर धरला, तर त्या भाराचे आघूर्ण सुमारे 50 न्यूटन-मीटर होते. तोच भार 50 सेंटिमीटरवर गेला की ते 100 होते. रुग्णाला मात्र खाट बुटकी हवी, म्हणजे पाय जमिनीला टेकवून त्याला आपले आपण उठता येते. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे. त्यामुळे कोणतीही एकच उंची योग्य ठरत नाही. उंची बदलता आली पाहिजे. गटाने वॉर्डातली कामे पाहिली, नमुन्याच्या खाटा प्रत्यक्ष रुग्णालयात वापरून पाहिल्या, आणि त्यातून ‘किंग्ज फंड’ खाट तयार झाली. पुढे ब्रिटनमधील रुग्णालयांत ती सर्रास वापरली गेली. परिचारिका कोणत्याही संशोधन-संस्थेच्या सभासद नव्हत्या. पण त्यांचे काम पाहिल्यावाचून नेमका प्रश्न कोणता, हे कळलेच नसते.

आपल्या देशातले उदाहरण त्याच दशकाच्या अखेरचे आहे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा हे कारागीर काम करीत. पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पायावर बूट चढवावा लागे आणि तो घोट्यात पुरेसा वाकत नसे. उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या, ओल्या शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग किती होणार? रबर आणि लाकूड वापरून या मंडळींनी जो पाय घडवला, तो ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेला. सांध्यांचे ज्ञान डॉक्टरांचे, साच्याचे व पदार्थाचे ज्ञान कारागिराचे. 1981 सालचा मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण विद्यापीठीय जाळ्याच्या अर्जात रामचंद्रजींनी ‘विभाग’ या रकान्यात काय लिहिले असते?

यावर एक आक्षेप संभवतो. कोणालाही सभासद केले, तर संशोधनाची शिस्त कशी टिकणार? आक्षेप रास्त आहे. मात्र शिस्त पदवीत नसते. ती मापनात, नोंदींत आणि चाचणीत असते. परिचारिकेचे म्हणणे खरे की खोटे, हे वॉर्डातली चाचणी ठरवते. प्राध्यापकाच्या म्हणण्यालाही तीच कसोटी लागते.

म्हणून सभासदत्व यादीपेक्षा कामाशी बांधलेले असावे, असे आम्हांला वाटते. प्रत्येक सभासदाने दुसऱ्या विषयाच्या माणसाबरोबर निदान एक प्रश्न तरी हाती घ्यावा. वस्तू वापरणाऱ्याला आणि घडवणाऱ्याला त्यात स्थान असावे, आणि ‘हे चालत नाही’ असे म्हणण्याचा अधिकारही असावा. अहवालावर त्यांचीही नावे यावीत.

शाळेतही हे करून पाहता येईल. विज्ञान प्रदर्शनासाठी गट पाडताना आपण बहुधा हुशार मुले निवडतो. पाणी उपसण्याचे साधन करायचे असेल, तर रोज पाणी भरणारी मुलगी त्या गटात हवी. ती मदतनीस म्हणून नको, सभासद म्हणून हवी. साधनाची मूठ किती उंचीवर असावी, हे तिला विचारावे, मोजावे आणि मगच आकृती काढावी.