गोखल्यांच्या सात शपथा आणि इंग्रजीतले वचनाचे शब्द

बंगळूरच्या बसवनगुडी भागात बुल टेंपल रोडवर ‘गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स’ ही संस्था आहे. कन्नड लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली स्थापन केली. गोखल्यांचे चरित्रही त्यांनी कन्नडमध्ये लिहिले आहे. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात घडलेल्या माणसाचे नाव कन्नड माणसाने आपल्या संस्थेला दिले, याचे एक साधे कारण असे की गोखल्यांचे बहुतेक सार्वजनिक लेखन व भाषण इंग्रजीत आहे. पुण्याच्या आणि बंगळूरच्या वाचकाला ते सारखेच जवळचे, आणि सारखेच परके.

त्या लेखनातला एक लहानसा मजकूर या टिपणात वाचायचा आहे. १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, स्थापन झाला. त्या दिवशी गोखल्यांनी स्वतः सात शपथा घेतल्या आणि देवधर, पटवर्धन व द्रविड या तीन सहकाऱ्यांना दिल्या. मराठीत आपण त्यांना ‘शपथा’ म्हणतो. मूळ इंग्रजी शब्द ‘व्हाऊ’ असा आहे. प्रॉमिस, प्लेज, ओथ, अंडरटेकिंग, अ‍ॅश्युरन्स असे पाच-सहा शब्द हाताशी असताना नेमका हाच का? शब्दकोशात पाहिले तर या सगळ्यांपुढे ‘वचन, शपथ, आश्वासन’ अशी तीच तीन-चार नावे फिरून फिरून येतात. त्यामुळे हा प्रश्न मराठीतून वाचताना पडतच नाही.

इंग्रजी शब्दांतला फरक कळण्यासाठी एक प्रश्न उपयोगी पडतो: या बंधनातून सोडवण्याचा अधिकार कोणाला आहे?

‘प्रॉमिस’ला दोन माणसे लागतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात तर व्याख्याच अशी आहे की प्रस्ताव स्वीकारला गेला की त्याचे प्रॉमिस होते. त्याच कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याला वचन दिले तो ते माफ करू शकतो. ‘प्लेज’ म्हणजे मुळात तारण. कलम १७२ मध्ये तो शब्द कर्जापोटी ठेवलेल्या वस्तूसाठी येतो. सार्वजनिक जीवनात सोने ठेवत नाहीत, अब्रू ठेवतात. ‘ओथ’ला साक्षीदार लागतो आणि तो बहुधा देव असतो, ‘ईश्वरसाक्ष’ हा आपला शब्द इथे चपखल बसतो. ‘व्हाऊ’ मात्र माणूस देवापुढे किंवा स्वतःच्या मनाशी करतो. समोर माफ करणारा कोणी नाही. मराठीत याला शपथेपेक्षा ‘व्रत’ जवळचे आहे.

राहिला ‘अ‍ॅश्युरन्स’. तो ‘शुअर’वरून आला आहे. ऐकणाऱ्याची शंका दूर करणे, त्याला निर्धास्त करणे, एवढेच त्याचे मूळ काम. आपले ‘आश्वासन’ही तसेच: त्यात श्वास आहे, म्हणजे दमलेल्याला श्वास घेऊ देणे, धीर देणे. दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतात. बोलणाऱ्याने पुढे काय करायचे याबद्दल फारसे बोलत नाहीत. आणि दोन्ही भाषांच्या राजकारणात हेच शब्द सर्वांत स्वस्त झाले, हे मला अपघाती वाटत नाही.

(जाता जाता: मराठीतले ‘भाक’ हे ‘भाषा’च्याच कुळातले. कन्नडमध्येही ‘भाषे’ या शब्दाचा एक अर्थ वचन असा आहे. वाघाला दिलेला शब्द पाळणाऱ्या पुण्यकोटी गाईचे ‘गोविन हाडु’ हे गीत ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा अर्थ सांगावा लागणार नाही. इंग्रजीतही ‘माझा शब्द’ म्हणतातच.)

आता सात कलमांकडे वळू. आशय थोडक्यात असा: देश नेहमी मनात पहिला राहील, सेवेतून स्वतःचा लाभ पाहणार नाही, सर्व भारतीयांना बंधू मानून जातिधर्मभेद न करता काम करीन, संस्था देईल त्या तरतुदीत समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालणार नाही, खासगी जीवन शुद्ध ठेवीन, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, संस्थेच्या हेतूंना बाधेल असे काही करणार नाही.

पहिले आणि पाचवे कलम कोणीही बाहेरून तपासू शकत नाही. मनात देश पहिला आहे की दुसरा, हे कोणती समिती ठरवणार? इथे ‘व्हाऊ’ शिवाय दुसरा शब्द चालला नसता. चौथ्याचे तसे नाही. ते हिशोबाच्या वहीत दिसते. गोखले डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते तेव्हा आजीव सदस्यांनी ७५ रुपये पगारावर २० वर्षे सेवा करायची असे बंधन होते. बाहेरचे काम आणि बाहेरची मिळकत यांवरून तिथे वाद पेटला आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. ते भांडण जवळून पाहिलेल्या माणसाने पंधरा वर्षांनी चौथे आणि सहावे कलम लिहिले, असे समजून वाचले की त्या कोरड्या वाक्यांना धार येते.

सातव्या कलमाशी मात्र माझे पटत नाही. संस्थेच्या उद्दिष्टपत्रिकेत ब्रिटिश संबंध हा दैवी योजनेचा भाग म्हणून मान्य केला होता. म्हणजे हेतूंशी निष्ठा म्हणताना एक राजकीय मतही व्रतात बांधले गेले. मत बदलते, ते बदलण्याचा हक्क माणसाने राखून ठेवायला हवा. संस्थेच्या नियमांसाठी ‘अंडरटेकिंग’ पुरेसे होते, म्हणजे सोडून जाताना खाली ठेवता येईल अशी जबाबदारी. सातही कलमांना एकच भारदस्त शब्द लावल्याने ती समान पवित्र भासतात. मसुदा म्हणून ही त्याची मोठी उणीव आहे.

हाच शब्दांना जपणारा माणूस केंद्रीय विधिमंडळात काय करत होता, हे शेजारी ठेवून पाहा. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी ठराव मांडला: प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची सुरुवात करावी आणि योजना आखायला सरकारी व बिनसरकारी सभासदांचे कमिशन नेमावे. सर्व प्रश्नाचा विचार करू, असे आश्वासन सरकारने दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. त्याच वर्षी स्वतंत्र शिक्षण खाते निघाले. कमिशन नेमले गेले नाही. १९११ मध्ये गोखल्यांनी स्वतःच विधेयक आणले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले.

सरकारने शब्द मोडला का? मोडला नाही, आणि खरी बोच इथेच आहे. विचार करू म्हटले होते, विचार केला. गोखले भाबडे होते असेही म्हणता येत नाही. मंडळात सरकारी बहुमत होते, ठराव रेटला असता तर तो पडलाच असता. त्यांच्या हातात मागे घेणे एवढेच नाणे होते आणि त्यावर आश्वासनच विकत मिळत होते. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा देशव्यापी कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, त्या ठरावानंतर शंभर वर्षांनी.

स्वतंत्र भारताच्या संसदेने या सैल शब्दावर एक उपाय काढला. लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासनांची समिती आहे. मंत्र्याच्या तोंडून आलेली कोणती वाक्ये आश्वासन धरायची याची ठरलेली यादी तिच्याकडे असते. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी लक्ष घालीन’, ‘चौकशी सुरू आहे’ अशी वाक्ये त्या यादीत आहेत. असे वाक्य उच्चारले की ते नोंदले जाते आणि तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. न झाल्यास मुदतवाढ मागावी लागते. शब्दाच्या अर्थाला इथे हात लावलेला नाही. फक्त त्याला तारीख लावली आहे.

याच काळातले एक साधे ‘प्रॉमिस’ही अभ्यासण्याजोगे आहे. जानेवारी १९१५ मध्ये गांधी भारतात परतले तेव्हा गोखल्यांनी त्यांच्याकडून वचन घेतले: वर्षभर देश पाहायचा, सार्वजनिक प्रश्नांवर मत द्यायचे नाही. १९ फेब्रुवारीला गोखले वारले. वचनातून मोकळे करू शकणारा एकमेव माणूस गेला. करार कायद्याच्या भाषेत वचन होते तेच राहिले. प्रत्यक्षात त्याचे व्रत झाले. त्याच वर्षी मे महिन्यात गांधी बंगळूरला आले, ते गोखल्यांच्या तसबिरीचे अनावरण करायला.

स्वाध्याय: सातही कलमे मुळातून वाचा. प्रत्येकासमोर व्हाऊ, प्लेज, प्रॉमिस, अंडरटेकिंग यांपैकी तुम्हाला योग्य वाटणारा शब्द लिहा, आणि त्यातून सोडवण्याचा अधिकार कोणाकडे राहील तेही लिहा. मग मराठीत (किंवा तुमच्या घरच्या भाषेत) त्या-त्या जागी ‘शपथ’ सोडून दुसरा शब्द सापडतो का ते पाहा.