मी तेव्हाच म्हणाले होते

आमच्या घरात एक गोष्ट मी वीसेक वर्षं सांगत आले. सन १९९७, जुलैचा महिना, धो धो पाऊस. रात्री सासूबाईंचा उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळायला लागलं. तेव्हा चोपड्याहून शिवोलीला जायला पूल नव्हता. फेरीबोट बंद झाली की म्हापशाला जायचं म्हणजे कोलवाळच्या पुलावरून लांबचा वळसा. मी म्हणाले, "आत्ताच गाडी काढा." थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, म्हणाल्या, "सकाळी पहिल्या फेरीनं नेऊ." सकाळी नेलं. सासूबाई वाचल्या, पण हात गेला तो गेलाच. अशी माझी गोष्ट. पाहुण्यांना सांगितली, लेकीला सांगितली. अक्कांना तोंडावर कधी बोलले नाही, पण त्यांच्या कानावर जाईल इतक्या आवाजात सांगितली.

गेल्या वर्षी माळा आवरताना माझी त्या सालची हिशेबाची वही सापडली. किराण्याच्या हिशेबाखाली दोन ओळी खरडायची मला तेव्हा सवय होती. त्या तारखेखाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : 'सासूबाईंना बरं नाही. अक्का आत्ताच नेऊ म्हणतात. एवढ्या पावसात कशाला, सकाळी नेऊ असं मी म्हटलं.'

मी वही मिटली आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले.

त्याच आठवड्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली. बी.ए.ला असताना निपाणीच्या माहेरी वाचली होती, ती हसण्यासाठी. आपण सगळ्याजणी ती तशीच वाचतो. विसराळू, तापट, उदार असे टिळक आणि त्यांच्यामागे फरफटणारी, फटकळ लक्ष्मीबाई. या खेपेला मात्र मला हसू कमी आलं. ही बाई आपल्या जुन्या चुकांचं काय करते, तेवढंच मी बघत होते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या जवळ नव्हत्या. मग काही वर्षं ताटातूट. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी बराच काळ आपलं सोवळं, आपलं वेगळं पाणी त्यांनी सांभाळलं. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९००मध्ये. पुस्तकाचे चार भाग १९३४पासून निघत गेले. म्हणजे पुस्तक निघू लागलं तेव्हा बाईंची साठी उलटलेली, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं होत आलेली आणि धर्म बदलून तीस वर्षं उलटून गेलेली.

अशा वेळी किती सोपं होतं बघा! 'हे सोवळं खोटं आहे असं मला आतून तेव्हाच वाटत होतं,' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर कुणी वही काढून दाखवणार नव्हतं. बाईंनी ते लिहिलं नाही. तेव्हाचा संताप, तेव्हाचं रडणं, माणसांना शिवण्याची तेव्हाची किळस, सगळं त्यांनी तसंच्या तसं ठेवलं. आजच्या शहाण्या लक्ष्मीबाईनं कालच्या अडाणी लक्ष्मीला बाहेर काढलं नाही. या पुस्तकाचा विनोद सगळे वाखाणतात. मला त्याचा हा प्रामाणिकपणा विनोदापेक्षा मोठा वाटतो, कारण तो फार अवघड आहे.

किती अवघड, ते बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं मोजून दाखवलंय. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२मध्ये चीन आणि रशियाला जाणार होते. तिथं काय काय घडेल याचे अंदाज त्यानं लोकांकडून आधी लिहून घेतले. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, की तुम्ही काय अंदाज दिला होता ते आठवा. जे घडलं होतं त्याबद्दल 'आम्ही तसंच म्हणालो होतो' याकडेच लोकांची आठवण झुकली. ही माणसं लबाड नव्हती. निकाल कळला की मन मागे जाऊन आपलंच जुनं मत पुसतं, आणि पुसल्याचा डागही ठेवत नाही.

आता पुस्तकाचं उणंही सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वीची भांडणं त्यात संवादांसकट येतात. एवढं शब्दन् शब्द कुणाला आठवतं? केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटचं आठवणींवरचं पुस्तक १९३२चं, म्हणजे 'स्मृतिचित्रे'च्या जरासं आधीचं. त्यानं इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक कथा पुन्हा पुन्हा सांगायला लावली. प्रत्येक खेपेला अनोळखी तपशील गळत गेले आणि झाडाच्या खोडाची डोंगी साधी होडी होऊन बसली. घरात शंभरदा सांगितलेल्या किश्श्याचंही तेच होतं. टिळकांच्या उधळेपणापायी घरात जे हाल झाले, ते पुस्तकात पुष्कळदा गमतीचे होऊन येतात. त्या दिवशी ती गंमत नसणार. नवरा गेल्यावर बायकोची आठवण मऊ होते, आणि तो मऊपणा इथं जागोजाग दिसतो. पण बाईंनी नावच 'चित्रे' दिलंय. चित्र काढणाऱ्याचा हात त्यात असतो हे त्यांना ठाऊक असावं.

आपल्या जैन न्यायात स्मरण हे प्रमाण मानलंय. नैयायिक ते मानत नाहीत. पण माणिक्यनंदी आचार्यांनी 'परीक्षामुखा'त स्मरणाभासही सांगून ठेवलाय : आठवायचा जिनदत्त आणि म्हणायचं, तो देवदत्त. लहानपणी पाठशाळेत हे उदाहरण ऐकून आम्ही मुली हसायचो, एवढं कोण चुकतं म्हणून! मी तर 'अक्का'च्या जागी 'मी' आणि 'मी'च्या जागी 'अक्का' असं वीस वर्षं आठवत होते.

दशलक्षण संपल्यावर क्षमावणीच्या दिवशी आम्ही दोघी दरवर्षी एकमेकींना 'उत्तम क्षमा' म्हणतो, हात जोडतो आणि फराळाला लागतो. गेल्या वर्षी मी वही घेऊन गेले. म्हटलं, "अक्का, हे वाचा."

त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं. मला वाटलं आता रागावतील. त्या म्हणाल्या, "असं कसं गं? थांबूया असं मीच म्हणाले होते. मला चांगलं आठवतंय. आईंच्या हाताकडे बघितलं की अजून मला तेच..."

पुढं त्यांना बोलवेना.

माझी गोष्ट इतक्या वेळा त्यांच्या कानावर पडली होती, की ती त्यांचीच आठवण झाली होती. माझी चूक मी विसरले, आणि ती त्यांनी वीस वर्षं वागवली. 'स्मृतिचित्रे' लिहिताना लक्ष्मीबाईंनी आपली चूक दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकली नाही, याची किंमत मला त्या दिवशी कळली.

वही आता अक्कांच्या कपाटात आहे. मीच म्हटलं, तुमच्याकडेच ठेवा.