स्वाक्षरी, साक्ष आणि स्मृती : दिवंगत हॉकीपटू गॉर्डी हाउ यांच्या प्रमाणित स्मृतिवस्तूंच्या संग्रहाची चिकित्सा

प्रस्तावना

थोर व्यक्तीच्या हातची अक्षरे जपून ठेवण्याची हौस जुनी आहे. मराठी मध्यमवर्गीय घरांत शाळकरी मुलांच्या स्वाक्षरीवहीला एके काळी मानाचे स्थान होते. त्या वहीतील स्वाक्षरी खरी आहे काय, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नसे. कारण ज्याने ती घेतली तोच तिचा साक्षीदार होता. हीच स्वाक्षरी विक्रीची वस्तू होऊन तिऱ्हाइताच्या हाती जाते तेव्हा मूळ साक्षीदार मागे राहतो आणि त्याची जागा प्रमाणपत्र घेते. उत्तर अमेरिकेतील क्रीडा-स्मृतिवस्तूंचा बाजार हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. बर्फावरील हॉकीचे दिवंगत खेळाडू गॉर्डी हाउ यांच्या स्वाक्षरीच्या वस्तूंना प्रमाण मानून, असे प्रमाणपत्र नेमकी कशाची ग्वाही देते आणि कशाची देत नाही, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. लेखाच्या उत्तरार्धात भारतीय हॉकीतील बलबीरसिंग (ज्येष्ठ) यांच्या स्मृतिवस्तूंचे उदाहरण तुलनेसाठी घेतले आहे.

हाउ आणि त्यांच्या स्वाक्षरीची विपुलता

गॉर्डी हाउ यांचा जन्म ३१ मार्च १९२८ रोजी कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात फ्लोरल येथे झाला. १९४६ मध्ये ते डेट्रॉइट रेड विंग्ज या संघातून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरले आणि १९७१ पर्यंत त्याच संघाकडून खेळले. पुढे ह्यूस्टन येथे आपल्या दोन मुलांसमवेत ते पुन्हा मैदानात आले आणि १९८० मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हार्टफर्ड संघाकडून त्यांनी लीगमधील अखेरचा हंगाम संपविला. लीगमधील १,७६७ सामने, ८०१ गोल, चार स्टॅन्ली चषक आणि सहा हार्ट करंडक अशी त्यांची कामगिरी आहे. १० जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर डेट्रॉइटच्या जो लुई अरीनामध्ये त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले होते.

अकाली मृत्यू पावलेल्या खेळाडूच्या स्वाक्षरीला दुर्मीळतेमुळे मोल येते. मॉन्ट्रियलचे हाउइ मॉरेन्झ १९३७ मध्ये आणि हाउ यांचेच सहकारी गोलरक्षक टेरी सॉचुक १९७० मध्ये निधन पावले. त्यांची अक्षरे मोजकीच उरली. हाउ यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची कारकीर्द प्रदीर्घ होती आणि निवृत्तीनंतरही ते दीर्घकाळ चाहत्यांमध्ये वावरले. १९९३ मध्ये पासष्टाव्या वाढदिवसानिमित्त त्यांनी पासष्ट शहरांचा दौरा केला. त्यांच्या पत्नी कॉलीन हाउ यांनी ‘मिस्टर हॉकी’ या बिरुदाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली होती. छायाचित्रे, रबरी चकत्या, स्टिक, जर्सी अशा असंख्य वस्तूंवर त्यांची स्वाक्षरी आहे. म्हणजे येथे संग्राहकासमोरील मुख्य अडचण दुर्मीळतेची नसून विश्वासाची आहे. जी स्वाक्षरी सर्वत्र आढळते तिची नक्कलही सर्वत्र खपून जाते.

प्रमाणीकरणाच्या व्यवसायाचा उगम

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने बनावट स्वाक्षऱ्यांच्या व्यापाराचा शोध घेतला. सर्वाधिक मागणी असलेल्या खेळाडूंच्या आणि तारेतारकांच्या स्वाक्षरीच्या वस्तूंपैकी निम्म्याहून अधिक बनावट असाव्यात, असा अंदाज त्या यंत्रणेने मांडला होता. जप्त मालात मदर तेरेसा यांची खोटी स्वाक्षरी असलेला बेसबॉलचा चेंडूही होता. हे उदाहरण हास्यास्पद वाटले तरी बोलके आहे. मागणीचा जोर एवढा होता की, त्या व्यक्तीचा त्या वस्तूशी काही संबंध संभवतो काय, हा साधा प्रश्नही ग्राहकाला पडेनासा झाला होता. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, या बनावट मालासोबत खरेपणाची प्रमाणपत्रेही दिली जात होती. खोट्या स्वाक्षरीइतकेच खोटे प्रमाणपत्रही सुलभ होते.

या पार्श्वभूमीवर त्रयस्थ प्रमाणीकरणाला व्यवसायाचे रूप आले. १९९८ मध्ये पीएसए/डीएनए ही सेवा सुरू झाली व पुढे इतर संस्थाही पुढे आल्या. २००१ मध्ये अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणीकरण योजना आणली. या सर्व व्यवस्थांत ढोबळमानाने दोन पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत संस्थेचा प्रतिनिधी स्वाक्षरीच्या वेळी हजर असतो आणि वस्तूवर तेथेच क्रमांकित होलोग्राम लावला जातो. दुसऱ्या पद्धतीत आधीच झालेली स्वाक्षरी तज्ज्ञ तपासतात. निर्विवाद नमुन्यांशी अक्षरवळण, लेखणीचा दाब, गती आणि अक्षरांची जोडणी ताडून पाहतात व आपले मत देतात. पहिली पद्धत साक्षीची, तर दुसरी अनुमानाची आहे. बाजारात मात्र दोहोंचा निर्देश ‘प्रमाणित’ या एकाच विशेषणाने होतो आणि बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच आहे.

मृत्यूनंतर या भेदाला विशेष अर्थ येतो. १० जून २०१६ नंतर हाउ यांची साक्षीने प्रमाणित झालेली एकही नवी स्वाक्षरी निर्माण होणे शक्य नाही. तो साठा कायमचा बंद झाला आहे. यापुढे वाढू शकतात ती केवळ अनुमानाची प्रमाणपत्रे. दिवंगताच्या संग्रहात साक्ष स्थिर राहते आणि मत मात्र वाढत जाते, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्य संग्राहकाने ध्यानात घेतले पाहिजे.

प्रमाणपत्राची भाषा

प्रमाणपत्र हा एक लेखनप्रकार मानून त्याचे वाचन केल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. त्याची बाह्य मांडणी शासकीय दस्तऐवजासारखी असते : जाड कागद, नक्षीदार चौकट, क्रमांक, शिक्का. परंतु अनुमानाच्या पद्धतीने दिलेल्या पत्रातील कळीचे विधान ‘आमच्या मते’ या मर्यादेत असते. रूप निर्णयाचे आणि आशय अभिप्रायाचा, असा हा विसंवाद आहे. तो अप्रामाणिक आहे असे नव्हे. जाणकाराला मताहून अधिक काही देता येत नाही. परंतु वाचक चौकट पाहतो आणि मजकुराकडे दुर्लक्ष करतो. आणखी एक विरोधाभास असा की, प्रमाणपत्रावरही कोणाची तरी स्वाक्षरी असते. एका स्वाक्षरीची खात्री दुसऱ्या स्वाक्षरीने करावयाची, तर त्या दुसरीची खात्री कोणी करावी, हा अनवस्थेचा प्रसंग आहे. तो व्यवहारात केवळ संस्थेच्या लौकिकावर थांबतो.

वस्तूचे वय आणि अक्षराचे वय

मराठी इतिहाससंशोधनाच्या परंपरेत अस्सल, नक्कल व बनावट कागद यांतील भेद काटेकोरपणे पाळला जातो. कागद, शाई, वळण, मायना आणि कालविपर्यास या कसोट्या अभ्यासकांच्या परिचयाच्या आहेत. त्याच कसोट्या हाउ यांच्या वस्तूंना लावता येतात. हाउ यांचे पदार्पणाचे पत्रक-कार्ड १९५१-५२ च्या पार्कहर्स्ट मालिकेतील आहे. परंतु त्यावरील स्वाक्षरी १९५१ ची असेलच असे नाही. ती चाळीस वर्षांनंतर एखाद्या प्रदर्शनात घेतलेली असू शकते. प्रसिद्ध ‘शार्पी’ लेखणी १९६४ मध्ये बाजारात आली. १९५० च्या छायाचित्रावर तिच्या शाईची स्वाक्षरी आढळल्यास छायाचित्र जुने पण अक्षर नंतरचे, एवढे निश्चित होते. पदार्पणाच्या हंगामात हाउ यांचा क्रमांक १७ होता व ९ हा क्रमांक त्यांना नंतर मिळाला. त्यामुळे पहिल्या हंगामातील छायाचित्रावर नावाखाली ‘९’ लिहिलेला असल्यास ते लेखन त्या हंगामातले नव्हे. हॉकीच्या सन्मानदालनातील त्यांच्या प्रवेशाचा उल्लेख १९७२ पूर्वीचा असू शकत नाही.

यांपैकी कोणत्याही उदाहरणात स्वाक्षरी खोटी ठरत नाही. अक्षर खरे आणि वस्तूही खरी. परंतु दोहोंची भेट कधी झाली, हे प्रमाणपत्र बहुधा सांगत नाही. संग्राहकाला हवा असतो तो तरुण हाउ यांचा स्पर्श. प्रत्यक्षात लाभते ते वृद्ध हाउ यांचे सौजन्य. दोन्ही मोलाची आहेत, पण एक नव्हेत.

सिद्धांताच्या प्रकाशात

वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनाच्या युगातील कलाकृतीवरील आपल्या निबंधात (१९३६) असे प्रतिपादिले की, मूळ कृतीचे तेजोवलय तिच्या विशिष्ट स्थळी व काळी असण्यात आणि तिने सोसलेल्या इतिहासात असते. छापील छायाचित्राच्या हजारो प्रती निघतात; स्वाक्षरी त्यांतील एका प्रतीला पुन्हा एकमेव बनविते. पुनरुत्पादनाने हिरावलेले वलय परत मिळविण्याचा हा लोकप्रिय मार्ग आहे, असे म्हणता येईल. मात्र पत्रकावर एकापुढे एक शेकडो प्रती ठेवून केलेली स्वाक्षरी स्वतःच पुनरुत्पादनाच्या जवळ जाते.

झाक देरिदा यांचे विवेचन येथे अधिक उपयुक्त ठरते. स्वाक्षरीविषयीचा त्यांचा प्रसिद्ध निबंध प्रथम १९७१ मध्ये मॉन्ट्रियल येथील परिषदेत मांडला गेला. स्वाक्षरी ओळखू येण्यासाठी ती पुन्हा पुन्हा तशीच करता आली पाहिजे. आणि जी पुन्हा करता येते ती करणाऱ्यापासून अलगही होऊ शकते, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र. या दृष्टीने नक्कल हा स्वाक्षरीवर बाहेरून आलेला रोग नसून तिच्या स्वरूपातच असलेली शक्यता आहे. होलोग्राम ही शक्यता नाहीशी करू शकत नाही. तो केवळ एका क्षणाची नोंद करतो.

हाउ यांच्या अखेरच्या वर्षांनी या प्रश्नाला करुण बाजू दिली. त्यांना जडलेल्या स्मृतिभ्रंशाविषयी कुटुंबीयांनी जाहीरपणे सांगितले होते आणि २०१४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा गंभीर झटकाही आला. ज्या माणसाच्या आठवणी इतरांनी वस्तूंमध्ये साठविल्या, त्याच्याच आठवणी विरत चालल्या होत्या. प्रमाणपत्र हाताची साक्ष देते. मनाची साक्ष देणे त्याच्या आवाक्यात नाही.

संग्राहकाची बाजू

या चिकित्सेवरून संग्रहवृत्ती त्याज्य आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. क्रीडेतिहासाची पुष्कळ साधने संग्राहकांनीच जपली आहेत. जाणकार संग्राहक वस्तू कोठून आली, कोणाकडून आली, कोणत्या प्रसंगी मिळाली, यांच्या टिपणांसह ती ठेवतो. स्वाक्षरी घेतानाचे छायाचित्र, सोबतचे पत्र, प्रवेशिकेचा तुकडा या गोष्टी बाजारात किरकोळ ठरल्या तरी अभ्यासकाला त्या प्रमाणपत्राहून अधिक सांगतात. वस्तू हातोहात कशी आली याची ही साखळी म्हणजेच तिचे खरे चरित्र होय.

भारतीय उदाहरण : साक्षीदार हजर, वस्तू गैरहजर

या साखळीचे महत्त्व भारतातील एका घटनेवरून विशेष ठसते. खेळाचा प्रकार येथे मैदानी हॉकीचा आहे. प्रश्न मात्र तोच आहे. बलबीरसिंग (ज्येष्ठ) हे १९४८, १९५२ आणि १९५६ या तीन ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेत्या संघांतील खेळाडू. १९५२ च्या हेलसिंकी येथील अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सविरुद्ध केलेल्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे होते. १९८५ मध्ये त्यांनी आपली ३६ पदके, मेलबर्न ऑलिम्पिकचा ब्लेझर व दुर्मीळ छायाचित्रे नियोजित क्रीडासंग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या स्वाधीन केली. २०१२ मध्ये लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनात त्यांचा गौरव व्हावयाचा होता. त्या वेळी या वस्तूंची चौकशी झाली आणि त्यांचा ठावठिकाणा लागेना. त्यांनी व कुटुंबीयांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २५ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले. तोवर हा ठेवा त्यांना परत मिळालेला नव्हता.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली असता विलक्षण उलटापालट दिसते. हाउ यांच्या बाबतीत वस्तू हजर आहेत आणि साक्षीदार गेला आहे; त्याची उणीव भरून काढण्यासाठी एक संपूर्ण व्यवसाय उभा राहिला. बलबीरसिंग यांच्या बाबतीत साक्षीदार स्वतः हयात होता, वस्तूंच्या खरेपणाविषयी कोणताही वाद नव्हता, त्यांना कोणत्याही तज्ज्ञाच्या मताची गरज नव्हती. तरीही त्या नाहीशा झाल्या. खासगी बाजाराने खरेपणाची अतोनात काळजी घेतली, कारण त्यावर किंमत अवलंबून होती. सार्वजनिक व्यवस्थेच्या ताब्यातील वस्तूंना किंमतपट्टी नव्हती, आणि तिच्या जागी जी काटेकोर नोंद असावयास हवी होती तीही कामी आली नाही.

निष्कर्ष

प्रमाणित स्वाक्षरी म्हणजे एका हाताने एका पृष्ठभागावर केलेल्या हालचालीविषयीची ग्वाही. ती कधी प्रत्यक्ष साक्षीवर तर कधी अनुमानावर आधारलेली असते. ती खेळाडूच्या पराक्रमाची, वस्तूच्या काळाची किंवा त्यामागील भावनेची ग्वाही नव्हे. या मर्यादा ओळखून केलेला संग्रह इतिहासाला पूरक ठरतो. त्या विसरून केलेला संग्रह केवळ कागदांचा साठा होतो. दिवंगत खेळाडूच्या बाबतीत साक्षीची भर थांबलेली असल्याने जुन्या नोंदी जपणे हेच संग्राहकाचे प्रमुख कर्तव्य ठरते.

भारतीय संस्थांसाठी यातून निघणारा बोध व्यावहारिक आहे. अनेक महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांत जुने चषक, ढाली, संघांची छायाचित्रे व नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या वस्तू कपाटांत पडून असतात. त्यांच्यासाठी होलोग्रामची आवश्यकता नाही. वस्तू कोणी दिली, केव्हा दिली, कोणी स्वीकारली आणि ती सध्या कोठे आहे, या चार प्रश्नांची उत्तरे देणारी नोंदवही आणि देणाऱ्याच्या हाती सहीची पोच, एवढे पुरेसे आहे. खेळाडूने विश्वासाने सोपविलेल्या वस्तूचे खरे प्रमाणपत्र ते हेच होय.